पेशींवरची भाऊबंदकी

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला एका मित्राचा मेसेज आला. त्याच्या मामांच्या बायोप्सी रिपोर्टचा फोटो, तिरपा काढलेला, वर ट्यूबलाइटची चमक, आणि खाली एकच ओळ: "अरे, यातलं हे डेथ काय आहे?"

मामांना जिभेच्या कडेचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, वर्षभराने गाठ परत आली. रिपोर्टात शेवटी छापलं होतं, 'पीडी-एल१, सीपीएस २५'. मित्राने ते गूगलवर टाकलं, पहिल्याच ओळीत 'प्रोग्राम्ड डेथ' वाचलं आणि त्याची झोप उडाली. मामांचं मरण कुणीतरी आधीच ठरवून लिहून ठेवलंय, असं त्याला वाटलं. त्या रात्री मी एवढंच कळवलं की यात मामांच्या मरणाबद्दल काहीही नाही, तू झोप. बाकीचं उत्तर फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ते लांबलं, म्हणून इथे लिहितोय.

कॅन्सरच्या बातम्यांत हल्ली 'इम्युनोथेरपी', म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीकरवी कॅन्सरवर उपचार, हा शब्द सारखा दिसतो. २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याच कामाला मिळालं आणि २०२५ चं नोबेल त्याच गल्लीतल्या पुढच्या घराला. या सगळ्याच्या मुळाशी आपल्या पेशींच्या अंगावरच्या काही रेणूंचं एक कुटुंब आहे. त्या कुटुंबातली भांडणं समजली, तर औषध काय करतं, कुणाला लागू पडतं आणि त्याचा त्रास का होतो, हे तिन्ही एकदम समजतं.

फणसाच्या काट्यांसारखे रेणू

शाळेतल्या आकृतीत पेशी म्हणजे गोल वेटोळं आणि मध्ये एक ठिपका. प्रत्यक्षात पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे हजारो रेणू रोवलेले असतात, फणसावरच्या काट्यांसारखे. फरक इतकाच की फणसाचे काटे सगळे एका साच्याचे आणि इथे तऱ्हा शेकड्यांनी. प्रत्येकाचं एक टोक बाहेर, एक शेपूट आत. बाहेरच्या टोकाला नेमकी एखादी गोष्ट चिकटली की शेपटीमार्फत आत निरोप जातो. अशा रेणूला रिसेप्टर म्हणतात आणि त्याला जे चिकटतं त्याला लिगँड. पीडी-एल१ मधला 'एल' तो हाच.

या रेणूंना सीडी३, सीडी४, सीडी२८ असे नंबर आहेत. १९८२ साली पॅरिसमध्ये शास्त्रज्ञ जमले आणि ज्याने-त्याने आपापल्या प्रयोगशाळेत ठेवलेली नावं बाजूला सारून क्रमांक देण्याची पद्धत ठरली. त्या आकड्यांत दुसरा काही गूढार्थ नाही. नवीन कॉलनीतल्या प्लॉट नंबरासारखे ते आहेत.

आपल्याला हवं ते कुटुंब टी-पेशींच्या अंगावर असतं. टी-पेशी म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे, तिथे त्या तयार होऊन बाहेर पडतात. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या पोटातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते आणि टी-पेशी ते तपासत फिरतात. विषाणू शिरलेल्या पेशीवर विषाणूचा तुकडा दिसतो, कॅन्सरच्या पेशीवर बिघडलेल्या प्रथिनाचा. एका टी-पेशीला ठरावीकच तुकडे ओळखता येतात, पण टी-पेशी अब्जावधी आहेत. त्यामुळे कुणा ना कुणाला ओळख पटतेच.

ओळख पटली, मग हल्ला का नाही?

कारण ओळख पटणं पुरेसं ठेवलं असतं तर आपण जगलोच नसतो. थायमसमध्ये स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या टी-पेशी निवडून मारल्या जातात, पण चाळणी कितीही बारीक असली तरी काही खडे खाली येतात. तुमच्या-माझ्या रक्तात या क्षणी स्वतःची थायरॉइड, स्वतःचं स्वादुपिंड ओळखू शकणाऱ्या टी-पेशी फिरत असतात. ओळखू शकतात, तरी गप्प असतात.

बँकेचा लॉकर आठवा. तुमची किल्ली लावली तरी तो उघडत नाही. बँकेच्या माणसाने आधी त्याची किल्ली फिरवावी लागते. टी-पेशीचं तसंच आहे. पहिली किल्ली ओळख पटल्याची. दुसरी किल्ली लावते ती सीडी२८. हा रेणू टी-पेशीवर असतो आणि तो बी७ नावाच्या जोडगोळीला चिकटतो. बी७ सर्वसाधारण पेशींवर नसतातच. कुठेतरी जंतू शिरले, पेशी फुटल्या, काही गडबड झाली की पहाऱ्यावरच्या खास पेशी त्यांना आपल्या अंगावर वर काढतात. म्हणजे बी७ दिसणं ही 'खरंच काहीतरी घडलंय' याची ग्वाही. काही लसींत मूळ घटकाबरोबर तुरटीच्या जातीचे क्षार मिसळतात तेही अंशतः याचसाठी. पहारेकऱ्यांना खडबडून जागं केल्याशिवाय दुसरी किल्ली फिरत नाही.

ओळख पटली, पण दुसरी किल्ली फिरलीच नाही, तर टी-पेशी नुसती थांबून राहत नाही. ती सुस्त पडते आणि पुढे तोच तुकडा दिसला तरी दुर्लक्ष करते. थायरॉइड ओळखणाऱ्या पेशी गप्प असतात त्या बऱ्याचशा यामुळे.

लंडनमधले सहा तरुण

दुसरी किल्ली किती जपून वापरायची असते याचा एक भयंकर दाखला आहे. १३ मार्च २००६. उत्तर लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या आवारातलं चाचणी केंद्र. आठ निरोगी तरुण पैसे घेऊन एका नव्या औषधाच्या पहिल्या मानवी चाचणीला आले होते. दोघांना नुसतं पाणीवजा इंजेक्शन, सहा जणांना खरं औषध. टीजीएन१४१२ नावाची ही अँटिबॉडी, म्हणजे नेमक्या एका रेणूला चिकटणारं प्रथिन, थेट सीडी२८ ला चिकटून त्याला चालू करायची, आणि तेही पहिल्या किल्लीची वाट न बघता. हेतू चांगला होता. शरीरातल्या, इतर टी-पेशींना शांत राखणाऱ्या पेशी वाढतील आणि संधिवातासारख्या आजारांना आराम पडेल, असा हिशोब होता.

काही मिनिटांच्या अंतराने एकामागून एकाला औषध दिलं. तासा-दीड तासात पहिल्याचं डोकं ठणकायला लागलं, मग ताप, उलट्या, थंडी, पाठदुखी. पहिल्यावर काय परिणाम होतो हे दिसायच्या आत सहावा आटोपलेला होता. रात्र उलटेपर्यंत सहाही जण अतिदक्षता विभागात होते आणि त्यांचे अवयव एकेक करून हात टेकत होते. सगळे वाचले, पण एकाच्या हातापायाच्या बोटांचे शेंडे गेले.

डोस नगण्य होता. माकडांना त्याच्या पाचशेपट दिला होता आणि माकडांना काही झालं नव्हतं. कारण नंतर कळलं. आपल्यात ज्या अनुभवी टी-पेशी सर्वांत जास्त भडकतात, त्यांच्यावर त्या जातीच्या माकडांत सीडी२८ नसतोच. फणस दिसायला सारखा होता, एक काटा कमी होता. या घटनेनंतर माणसावरच्या पहिल्या चाचणीत सगळ्यांना एका दिवशी औषध टोचणं बंद झालं. आधी एकाला द्यायचं आणि थांबायचं.

रुमाल टाकणारा भाऊ

आता कुटुंबाकडे येऊ. सीडी२८, सीटीएलए-४ आणि आयकॉस या तिघांची जनुकं आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एकमेकांना लागून आहेत, वाड्यातल्या तीन खणांसारखी. पीडी-१ चं जनुक त्याच गुणसूत्रावर जरा पुढे, टोकाकडे. बीटीएलए नावाचा आणखी एक भाऊ घर सोडून तिसऱ्या गुणसूत्रावर राहतो. घडणीत सगळे एका वळणाचे, मूळपुरुष एकच असावा असे. स्वभाव मात्र उलटसुलट: सीडी२८ आणि आयकॉस टी-पेशीला पुढे ढकलतात, बाकीचे मागे खेचतात.

सीटीएलए-४ सापडला १९८७ साली फ्रान्समध्ये मार्सेलला. तो दिसायला सीडी२८ सारखा आणि चिकटतोही त्याच बी७ ला. सख्खा भाऊ आहे तर कामही तेच करत असेल, असं बऱ्याच जणांनी धरून चाललं. आपल्याकडे कुणी असं धरलं नसतं. दोन भाऊ आणि जमीन एकच, तर पुढे काय होतं हे आपल्याला कोर्टाच्या तारखांवरून माहीत आहे.

सीटीएलए-४ ची बी७ वरची पकड सीडी२८ पेक्षा कितीतरी घट्ट आहे. टी-पेशी कामाला लागली की थोड्याच वेळात ती सीटीएलए-४ पृष्ठभागावर आणते आणि तो बी७ च्या जागा अडवून टाकतो. एसटी स्टँडवर गाडी लागताच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा जसा, तसा. सीडी२८ दारातून रीतसर चढून येईपर्यंत सगळ्या सीटवर रुमाल. याच्याही पुढची गोष्ट २०११ साली ध्यानात आली: सीटीएलए-४ नुसता जागा अडवत नाही, तो समोरच्या पेशीवरचा बी७ उपटून आपल्या पेशीत ओढून नेतो. रुमाल टाकला, बसला, आणि उतरताना सीटच काखोटीला मारून गेला.

हा भाऊ नसेल तर काय होतं ते उंदरांनी १९९५ साली दाखवलं. सीटीएलए-४ चं जनुक काढून टाकलेली पिल्लं तीन-चार आठवड्यांत मेली. त्यांच्याच टी-पेशी बेसुमार वाढून हृदयात, स्वादुपिंडात घुसल्या होत्या.

अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी हे उलट बाजूने पाहिलं. लहानपणी त्यांची आई लिम्फोमा या कॅन्सरने गेली होती. आवर घालणारा हा रेणू काही काळ झाकून ठेवला तर टी-पेशी कॅन्सरवर जोमाने तुटून पडतील का? १९९६ साली त्यांच्या गटाने दाखवलं की उंदरांमध्ये पडतात. औषध कंपन्यांना पटायला वेळ लागला. प्रतिकारशक्तीला हाताशी धरून कॅन्सर बरा करू म्हणणारे आधी बरेच येऊन गेले होते आणि तोंडघशी पडले होते. शेवटी मार्च २०११ मध्ये इपिलिमुमॅब हे औषध मेलानोमा या त्वचेच्या आक्रमक कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजूर झालं. नावाच्या शेवटी 'मॅब' असेल तर ती प्रयोगशाळेत बनवलेली अँटिबॉडी असते. ही सीटीएलए-४ ला जाऊन चिकटते आणि त्याला रुमाल टाकू देत नाही. ज्या आजारात पूर्वी पसरल्यावर वर्षभर जगणंही मोठी गोष्ट होती, तिथे हे औषध घेतलेल्यांपैकी साधारण पाचांतला एक जण तीन वर्षांनंतरही हयात होता. आणि त्यानंतर आलेख जवळपास सपाट झाला, म्हणजे जे तीन वर्षं टिकले त्यांच्यातले बहुतेक पुढेही टिकले. पसरलेल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना असा सपाट आलेख बघायची सवय नव्हती.

ॲलिसन हार्मोनिका वाजवतात आणि प्रतिकारशास्त्राच्या संशोधकांचा त्यांचा एक बँडही आहे. नाव 'द चेकपॉइंट्स'. हा आवर घालणाऱ्या रेणूंना असलेला तांत्रिक शब्द.

शांतता क्षेत्राची पाटी

आता मित्राला घाबरवणारा भाऊ, पीडी-१. जपानमध्ये क्योटो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत पेशी आत्मघात कशी करते याचा शोध चालला होता. मरणपंथाला लावलेल्या पेशींमध्ये कोणती जनुकं चालू होतात ते बघताना १९९२ साली हा रेणू हाती लागला, म्हणून नाव ठेवलं 'प्रोग्राम्ड डेथ-१'. पुढे कळलं की त्याचं मुख्य काम ते नव्हेच. पण बारशाला ठेवलेलं नाव बदलत कोण बसतंय? तर मामांच्या रिपोर्टातली 'डेथ' ही तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची एक चुकलेली अटकळ आहे.

पीडी-१ चं खरं काम असं. मिरवणुकीतलं ढोल-ताशा पथक डोळ्यांसमोर आणा. पथक निघालं, रंगात आलं, आणि वाटेत हॉस्पिटल लागलं. बाहेर पाटी: 'शांतता क्षेत्र'. पाटी दिसली की ढोल थांबावेत अशी अपेक्षा असते. (किती थांबतात तो वेगळा विषय.) टी-पेशी हे पथक, पीडी-१ हे पाटी वाचणारे डोळे आणि पीडी-एल१ ही पाटी. सीटीएलए-४ ची भांडणं प्रामुख्याने पथक निघण्याआधी, लिम्फच्या गाठींमध्ये होतात. पीडी-१ कामाला येतो तो पथक वस्तीत शिरल्यावर.

यातली गंमत अशी की पाट्या आधीपासून लावलेल्या असतातच असं नाही. टी-पेशी हल्ला करताना इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडतात आणि आजूबाजूच्या निरोगी पेशींना त्याचा वास लागला की त्या भराभर पीडी-एल१ वर काढतात. गोंगाट वाढला की रहिवासीच पाट्या घेऊन गॅलरीत येतात, 'पुरे आता, आमच्या काचा फुटतील'. न्यूमोनियात जंतू मरतात आणि फुफ्फुस शाबूत राहतं ते असल्या व्यवस्थेमुळे. गर्भाशयातल्या वारेवरही पीडी-एल१ असतो. बाळ निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या टी-पेशींच्या लेखी निम्मं परकंच की.

कॅन्सरची पेशी आपल्याच पेशींपैकी एक असल्यामुळे तिच्याकडेही ही पाटी असते. ती पाटी उंच धरते आणि गाठीपर्यंत पोचलेलं पथक ढोल खाली ठेवून उभं राहतं. ओळख पटलेली असते, हत्यारं असतात, तरी हात उचलत नाही.

निवोलुमॅब आणि पेंब्रोलिझुमॅब ही औषधं पीडी-१ ला चिकटून बसतात, म्हणजे पथकाच्या डोळ्यांवर पट्टी. अटेझोलिझुमॅब, डुर्व्हालुमॅब पाटीवरच कापड टाकतात. परिणाम तोच: पाटी वाचली जात नाही आणि ढोल पुन्हा सुरू. निवोलुमॅबला जुलै २०१४ मध्ये जपानमध्ये मंजुरी मिळाली आणि पेंब्रोलिझुमॅबला दोन महिन्यांनी अमेरिकेत. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नव्वदीत जाहीर केलं की आपला मेलानोमा यकृतातून मेंदूत गेला आहे. ऑपरेशन, रेडिएशन आणि पेंब्रोलिझुमॅब झाल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये स्कॅन स्वच्छ आला. ते गेले २०२४ च्या डिसेंबरअखेर, वयाच्या शंभराव्या वर्षी.

आणि भाऊबंदकीचा शेवटचा पुरावा २०१७ चा. पीडी-१ आत निरोप धाडून नेमकं काय बंद पाडतो हे तपासलं, तेव्हा त्याचं पहिलं लक्ष्य निघालं सीडी२८ ची शेपटी. मागे खेचणारे दोन्ही भाऊ वेगवेगळ्या वाटांनी त्याच एका थोरल्याच्या मुळावर उठलेले.

"म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवली की झालं ना?"

हा प्रश्न मला चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत विचारला जातो आणि त्यामागे बहुधा एखादा काढा किंवा पावडरीचा डबा असतो. प्रतिकारशक्ती ही टाकीतल्या पाण्याची पातळी असावी, तसं आपण 'वाढवणं' म्हणतो. वर पाहिलं त्यात पातळी कुठेच नव्हती. परवानग्या आणि मनाई होत्या, ठरावीक जागी, ठरावीक वेळी. नॉर्थविक पार्कमध्ये सहा जणांची प्रतिकारशक्ती खरोखर वाढवली होती.

उलट काही आजारांत ती आवरणंच औषध असतं. सीटीएलए-४ चं बाहेरचं टोक कापून घेऊन अँटिबॉडीच्या शेपटीला जोडलं की होतं अबाटासेप्ट. हा मोकाट सुटलेला रुमालवाला रक्तात फिरून बी७ झाकत सुटतो आणि आमवाताच्या रुग्णांची बोटं सुजणं कमी होतं. त्याला २००५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. म्हणजे तोच रेणू, एका रुग्णात झाकायचा आणि दुसऱ्यात ओतायचा.

२०२५ चं नोबेलही याच्याच जवळचं. शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड राम्सडेल यांनी ज्या शांत राखणाऱ्या टी-पेशींचा उलगडा केला, त्यांच्या अंगावर सीटीएलए-४ कायम सज्ज असतो.

"रामबाण आहे, तर सगळ्यांना का नाही लागू पडत?"

जून २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर फिरलेली बातमी बऱ्याच जणांना आठवत असेल: कॅन्सरवर औषध सापडलं, सगळेच्या सगळे रुग्ण बरे. बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये गुदाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांना डोस्टारलिमॅब दिलं, तेही पीडी-१ झाकणारंच. उपचार पूर्ण झालेल्या बाराही जणांत गाठ दिसेनाशी झाली. मात्र हे रुग्ण निवडलेले होते. त्यांच्या गाठींमध्ये डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच मोडलेली होती. असे रुग्ण गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये शंभरात पाच ते दहा.

दुरुस्ती बंद म्हणजे चुका भरपूर, चुका भरपूर म्हणजे टी-पेशींना विचित्र दिसणारे तुकडे भरपूर. तिथे पथक आधीच येऊन उभं असतं, पट्टी बांधायचा अवकाश. याउलट काही गाठी इतक्या साध्यासुध्या दिसतात की टी-पेशी तिकडे फिरकतच नाहीत. जिथे पथकच नाही तिथे पाटी झाकून काय वाजणार? मेलानोमा आणि सिगारेटमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर यांत ही औषधं बरी चालतात, कारण ऊन आणि धूर डीएनएत बक्कळ चुका करून ठेवतात. स्वादुपिंडाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये चालत नाहीत. तोंड-घशाचा कॅन्सर मधला: एकट्या इम्युनोथेरपीने गाठ लक्षणीय आकसते ती साधारण पाचांतल्या एकाची.

मग सीपीएस २५ म्हणजे काय?

मामांच्या गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन त्यावर पीडी-एल१ ला रंगवणारं रसायन टाकतात. पाटी धरलेल्या पेशी तपकिरी दिसतात. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी पेशी मोजतो, कॅन्सरच्याही आणि गाठीत शिरलेल्या पांढऱ्या पेशीही. त्या बेरजेला कॅन्सरच्या एकूण जिवंत पेशींनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. कॅन्सरच्या १०० पेशी, त्यातल्या १५ तपकिरी, शिवाय १० तपकिरी पांढऱ्या पेशी: झाले २५. टीपीएस असं लिहिलं असेल तर फक्त कॅन्सरच्या पेशी मोजल्या आहेत.

म्हणजे २५ हे टक्के नव्हेत, आजाराची पायरी नव्हे आणि आयुष्याचा अंदाज तर मुळीच नव्हे. पाट्या बऱ्याच लागलेल्या आहेत, याचा अर्थ आसपास बहुधा गोंगाट झाला असावा, एवढं ते सांगतं. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये एक आणि वीस या दोन रेषा धरून डॉक्टर निर्णय घेतात. वीसच्या वर असेल तर नुसत्या इम्युनोथेरपीचाही विचार होतो. मित्राला वाईट वाटलेला आकडा त्यातल्या त्यात बरा होता. मात्र एकाच गाठीच्या दुसऱ्या टोकाचा काप वेगळा आकडा देऊ शकतो, आणि शून्य असलेल्यांनाही कधी गुण येतो, शंभरवाल्यांनाही कधी येत नाही.

पैशांचं काय?

मित्राचा दुसऱ्या दिवशीचा प्रश्न हाच होता आणि मला वाटतं खरा प्रश्न हाच आहे. पूर्ण डोस महिनोन्महिने चालवायचा तर आपल्याकडच्या बहुसंख्य कुटुंबांना शेत किंवा घर विकूनही पुरत नाही.

याला एक उत्तर परळच्या टाटा मेमोरियलमधून आलं. तंबाखूमुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण तिथे जितके येतात तितके जगात फार थोड्या ठिकाणी येत असतील. तिथल्या डॉक्टरांनी १५१ रुग्ण घेतले, आजार बरा होण्याच्या पलीकडे गेलेले. सगळ्यांना तीन स्वस्त औषधं तोंडावाटे. त्यातल्या निम्म्यांना जोडीला दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब, पण फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षभराने १६.३ टक्के हयात होते, निवोलुमॅब घेतलेल्यांपैकी ४३.४ टक्के.

एवढ्याशा डोसने कसं भागतं? ही अँटिबॉडी शरीरात आठवडेच्या आठवडे टिकते आणि झाकायचे डोळे मोजके असतात. एकदा ते झाकले की वरचं औषध नुसतं फिरत राहतं.

इथे मला टाळ्या जरा आवरत्या घ्याव्याशा वाटतात. ही तुलना गोळ्यांशी होती, पूर्ण डोसशी नव्हती. त्यामुळे २० मिलिग्रॅम २४० च्या तोडीचं आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. काहीच न मिळण्यापेक्षा ते पुष्कळ बरं आहे, हे होतं. आणि मध्यावरच्या रुग्णाचं आयुष्य ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेलं. जवळपास साडेतीन महिने थोडे की फार, हे मी कोण ठरवणार. मामांच्या घरी त्या साडेतीन महिन्यांत दिवाळी येते.

"केमोसारखा त्रास होत नाही म्हणे?"

केस जात नाहीत, उलट्या क्वचित. सलाईनमधून अर्ध्या-एक तासात औषध संपतं आणि माणूस चालत घरी जातो. म्हणून लोक गाफील राहतात.

पथकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, तर त्याला खोट्या पाट्या दिसत नाहीत, तशा खऱ्याही दिसत नाहीत. खऱ्या हॉस्पिटलसमोरही ढोल वाजतात. आतड्याला सूज येऊन जुलाब, थायरॉइड मंदावणं, यकृताचे आकडे वाढणं, फुफ्फुसाला सूज येऊन कोरडा खोकला आणि धाप. क्वचित स्वादुपिंडातल्या पेशी मारल्या जाऊन कायमचा इन्सुलिनवरचा मधुमेह. त्याहून क्वचित, पण जिवावर बेतणारी, हृदयाच्या स्नायूची सूज. पहिल्या डोसनंतर होईल किंवा सहा महिन्यांनी, औषध बंद केल्यावरसुद्धा. थायमसच्या चाळणीतून पडलेले जे खडे आजवर गप्प होते, ते हेच.

उपचार आहे आणि वेळेत केला तर बहुधा चालतो: औषध थांबवायचं, स्टेरॉइड सुरू करायचं. घोटाळा होतो तो त्याआधी. दिवसातून सहादा जुलाब होतायत, घरचे म्हणतात बाहेरचं खाल्लं असेल, मऊ भात आणि मेडिकलमधून बंद व्हायची गोळी. रात्री गल्लीतल्या दवाखान्यात नेलं तर तिथल्या डॉक्टरला 'केमो चालू आहे' सांगतात, कारण घरात सगळे त्याला केमोच म्हणतात. केमोचे जुलाब आणि हे जुलाब यांचं औषध वेगळं.

मामांना २० मिलिग्रॅमवालं सुरू झालं. तिसऱ्या इंजेक्शननंतर मित्राने पुन्हा फोटो पाठवला, या वेळी सरळ धरून काढलेला. हॉस्पिटलने दिलेलं छोटं कार्ड: औषधाचं नाव, 'केमोथेरपी नव्हे' असा ठळक शिक्का, जुलाब, धाप किंवा छातीत दुखलं तर फोन करायचा नंबर. मामांनी ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आधार कार्डच्या मागे ठेवलंय, आणि मामींनी त्याची झेरॉक्स काढून फ्रिजवर चिकटवलीय, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी.